‘वंडरवॉल म्युझिक’ (१९६८) : एका ध्वनिमुद्रिकेचा इतिहास आणि मुंबईच्या वादकांची नावे

प्रस्तावना

रॉक संगीताच्या इतिहासग्रंथांत लंडन, लिव्हरपूल, सॅन फ्रान्सिस्को या शहरांचा उल्लेख पानोपानी आढळतो. मुंबईच्या फोर्ट विभागातील पिरोजशहा मेहता मार्गाचा उल्लेख मात्र त्यात शोधावा लागतो. कर्जत आणि खोपोलीहून निघणाऱ्या लोकल ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर येऊन थांबतात, तेथून हा मार्ग पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. या मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या मुद्रेने परिचित असलेल्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रण कक्ष होता. जानेवारी १९६८ मध्ये ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी याच कक्षात ‘वंडरवॉल म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेचा मोठा भाग ध्वनिमुद्रित केला. बीटल्समधील एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेली ही पहिली स्वतंत्र दीर्घ मुद्रिका, तसेच त्यांच्या ‘ॲपल’ या संस्थेचीही ती पहिलीच दीर्घ मुद्रिका होय. इंग्लंडमध्ये ती १ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झाली.

प्रस्तुत लेखाचा विषय या मुद्रिकेचे संगीतशास्त्रीय मूल्यमापन हा नाही. ध्वनिमुद्रिका हे ऐतिहासिक साधन कसे वाचावे आणि त्या वाचनात मराठी भाषक अभ्यासकाला कोणते काम करता येण्यासारखे आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

हॅरिसन यांचा मुंबईशी संबंध १९६८ पूर्वीचा आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेण्यासाठी ते येथे आले आणि ताजमहाल हॉटेलमध्ये उतरले. त्यांच्या आगमनाची वार्ता फुटल्यावर चाहत्यांची गर्दी झाली व गुरुशिष्यांना काश्मीरकडे प्रयाण करावे लागले. रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांचेही मार्गदर्शन त्यांना या काळात लाभले. पुढे ध्वनिमुद्रणासाठी वादक जमवताना हाच परिचय उपयोगी पडला.

जो मॅसॉट दिग्दर्शित ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी पार्श्वसंगीत रचण्याचे काम हॅरिसन यांनी १९६७ मध्ये स्वीकारले. साधे हातातले स्टॉपवॉच घेऊन त्यांनी प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली व त्या मापाचे संगीततुकडे तयार केले. नोव्हेंबर १९६७ पासून लंडनमध्ये पाश्चात्त्य वादकांसह काही भाग मुद्रित झाले. ७ जानेवारी १९६८ रोजी ते मुंबईस आले आणि ९ जानेवारीपासून येथील काम सुरू झाले. भारतीय संगीताचा एक छोटासा संग्रहच या निमित्ताने पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे ठेवावा, असा त्यांचा हेतू होता. तो त्यांनी नंतर अनेकदा सांगितला आहे. सरोद, संतूर, शहनाई, सूरबहार, तारशहनाई, तबला तरंग, पखवाज अशी वाद्ये एकाच मुद्रिकेत येण्याचे कारण या हेतूत आहे. चित्रपटाच्या कथानकाला त्यांची तशी गरज नव्हती.

मुंबईच्या कक्षात तेव्हा एकमार्गी ध्वनिमुद्रणाची व्यवस्था होती. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी द्विमार्गी स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणवले. मेनन पुढे अमेरिकेतील कॅपिटॉल व त्यानंतर ईएमआय या जागतिक संगीत उद्योगाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्या चरित्रकारांनी या यंत्राची हकीकत कौतुकाने सांगितली यात नवल नाही. इतिहासाच्या दृष्टीने त्याच हकीकतीची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. कक्षाच्या खालीच कार्यालये होती आणि भिंतींना ध्वनिरोधक आवरण नव्हते. सायंकाळी साडेपाचला कर्मचारी जिन्यावरून उतरू लागले की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. मुंबईतील काही तुकड्यांत रस्त्यावरील टॅक्सींचा आवाजही ऐकू येतो, असे हॅरिसन यांनी नमूद केले आहे. ध्वनितंत्रज्ञ ज्याला दोष म्हणतील, तो इतिहासकाराच्या लेखी स्थळाचा अंतर्गत पुरावा आहे. हस्तलिखिताच्या कागदावरील जलचिन्हाचे जे महत्त्व, तेच येथे या आवाजाचे.

साधने आणि त्यांच्या मर्यादा

लंडनमधील बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची माहिती आज दिवसवार उपलब्ध आहे. याचे श्रेय मुख्यतः मार्क लुइसन यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला जाते. ॲबी रोड येथील ध्वनिफिती व कामकाजाच्या नोंदी तपासून त्यांनी कोणत्या दिवशी कोणते गीत, कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हे निश्चित केले. पेशवे दफ्तर चाळणाऱ्या संशोधकाची चिकाटी त्यांच्या कामात दिसते. तथापि दफ्तर जेथे आहे तेथेच दफ्तरी इतिहास लिहिला जातो. लंडनच्या नोंदीत मुंबईचे जे उमटले तेवढेच त्यात आले. तंत्रज्ञांची नावे, यंत्रांचे प्रकार, फितींचे क्रमांक यांची चर्चा सविस्तर झाली. वादक मात्र ‘भारतीय वादक’ या सामूहिक संज्ञेखाली राहिले. सायमन लेंग यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथासाठी शंभू दास यांच्यासारख्यांशी संवाद साधला, तेव्हा ही कोंडी काही प्रमाणात फुटली.

वेष्टनावरील नावे

मूळ मुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नामावली छापली आहे, हे हॅरिसन यांच्या सौजन्याचे द्योतक म्हणावे लागेल. त्याच काळात हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार व गायक यांखेरीज कोणाचे नाव सहसा येत नसे. परंतु ही नामावली ऐकीव उच्चारावरून लिहिलेली दिसते. संतूरवादक शिवकुमार शर्मा तेथे ‘शेरमार’ झाले आहेत. इंद्रनील भट्टाचार्य यांच्या नावातील मधले अक्षर गळून ‘इंद्रील’ उरले आहे. आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (तबला व पखवाज), रिजराम देसाद (हार्मोनियम व तबला तरंग), विनायक व्होरा (तारशहनाई) यांची ओळख पटण्यास अडचण येत नाही, कारण ते अन्य साधनांतूनही परिचित आहेत.

खरी अडचण तीन ठिकाणी आहे. शहनाईवादक म्हणून शरद आणि हनुमान यांच्यापुढे रोमन लिपीत जे आडनाव छापले आहे, ते वाचले तर ‘जादेव’ होते. इंग्रजी लेखक ते तसेच उतरवत आले. मराठी वाचकाला ते ‘जाधव’ आहे हे सांगावे लागत नाही. सूरबहारवादकाचे केवळ ‘चंद्रशेखर’ एवढेच नाव, तेही अशुद्ध, वेष्टनावर आहे. त्यांचे आडनाव नारिंग्रेकर होते, हे नंतरच्या लेखनातून जोडले गेले. नारिंग्रे हे देवगड तालुक्यातील गाव आहे, हे लक्षात घेतले की या आडनावाचा कोकणाशी संबंध उघड होतो. तिसरे नाव बासरीवादक एस. आर. केंकरे यांचे. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांचे नाव येते ते ‘द इनर लाइट’ या गीताच्या संदर्भात.

या गीताचे वाद्यसंगीत लुइसन यांच्या नोंदीनुसार १२ जानेवारी १९६८ रोजी मुंबईतच मुद्रित झाले. हॅरिसन यांचे गायन फेब्रुवारीत लंडन येथे त्यावर चढवण्यात आले आणि १५ मार्च १९६८ रोजी ते ‘लेडी मॅडोना’ या गीताच्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर हॅरिसन यांच्या रचनेला स्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ. मुंबईतील वाद्यसंगीत असलेली ही तबकडी जगभर पोहोचली, पण तिच्यावर वादकांची नावे नव्हती. परिणामी पुढील ग्रंथांतील याद्या जुळत नाहीत. एका प्रतिष्ठित इंग्रजी ग्रंथात शहनाईवादक म्हणून ‘शरद घोष’ असे नाव येते. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर शरद जाधव आणि शंकर घोष हे दोन स्वतंत्र वादक आहेत, हे पाहिले की एकाचे नाव व दुसऱ्याचे आडनाव यांची ही सरमिसळ असावी, असे अनुमान करता येते. बंगाली आडनाव आणि मराठी आडनाव यांतील अंतर ज्याला ठाऊक नाही, त्याला ही चूक खटकणार नाही. अशा चुका नंतर ग्रंथागणिक पुनरावृत्त होतात आणि वारंवारतेमुळेच प्रमाण ठरतात.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

१९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या मुद्रिकेतील ‘लव्ह यू टू’ या गीतात तबला वाजवणारे अनिल भागवत यांचे नाव वेष्टनावर आले, म्हणून ते इतिहासात राहिले. याउलट १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ मुद्रिकेतील हॅरिसन यांच्या गीतात वाजवणारे लंडनस्थित भारतीय वादक नावाविना राहिले. त्यांतील अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी या चौघांची ओळख लिव्हरपूल विद्यापीठातील एका अभ्यासकाच्या पाठपुराव्यामुळे २०१७ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, सार्वजनिक झाली. नावे सापडली ती कुटुंबांपर्यंत पोहोचल्यामुळे.

मुंबईच्या मुद्रणाबाबत असा शोध घेण्याचा काळ झपाट्याने सरत आहे. भास्कर मेनन यांचे २०२१ मध्ये, शिवकुमार शर्मा यांचे २०२२ मध्ये व आशिष खाँ यांचे २०२४ मध्ये निधन झाले. सुप्रसिद्धांच्या मुलाखती तरी छापून आल्या आहेत. जाधव, नारिंग्रेकर, केंकरे यांच्यासारख्यांविषयीची सामग्री मिळाली तर ती मराठीतच आणि घरांतच मिळेल. आकाशवाणीची करारपत्रे, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमपत्रिका, चित्रपट ध्वनिमुद्रणाच्या मानधनाच्या चिठ्ठ्या, शिष्यांच्या वह्या अशी ही साधने आहेत. इंग्रजी अभ्यासकाला ती वाचता येणार नाहीत. कर्जत-खालापूर परिसरातील महाविद्यालयांत इतिहास विभागाचे विद्यार्थी गडकोट व स्वातंत्र्यसैनिक यांवर प्रकल्प करतात. लग्नसमारंभात सनई वाजवणाऱ्या घराण्यांच्या मौखिक नोंदी हाही त्याच पद्धतीचा विषय होऊ शकतो. अशा मुलाखतीत वादकाचे पूर्ण नाव, मूळ गाव, गुरू, कोणाकोणाच्या साथीला कोठे वाजवले, मोबदला कसा मिळे, हे प्रथम विचारावे. मोठ्या कलावंतांच्या भेटीच्या आठवणी लोक न विचारताही सांगतात.

२०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ची संस्कारित आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात ‘द इनर लाइट’च्या वाद्यसंगीताचा एक पूर्वी अप्रकाशित प्रयत्न समाविष्ट करण्यात आला. गायनाचा थर नसल्यामुळे त्यात वाद्ये सुटी ऐकू येतात. किती वाद्ये आहेत, कोणते कोठे प्रवेश करते, हे मोजून छापील याद्यांशी ताडून पाहण्याचे काम कोणत्याही महाविद्यालयातील संगीत व इतिहास विभागांना एकत्र बसून करता येण्यासारखे आहे.