हरणाऱ्या संघाचे गाव

विजयी संघाला चाहते शोधावे लागत नाहीत. ते आपणहून जमतात. हरणाऱ्या संघाला मात्र गावाचे मन जिंकण्यासाठी निराळा उद्योग करावा लागतो. आजच्या भाषेत त्यास ‘मार्केटिंग’ म्हणतात. हा उद्योग कितपत फलद्रूप होतो, हे पाहण्यास जयपूरचा इतिहास उद्बोधक आहे. अजमेर रस्त्यावरील सोडाल्यात बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला त्याकडे तटस्थपणे पाहणे मात्र अवघड. कारण जुन्या पराभवांपैकी बहुतेक मुंबईच्याच पदरी जमा आहेत.

१९६०-६१ ते १९७३-७४ या चौदा हंगामांत राजस्थानने रणजी करंडकाची अंतिम फेरी आठ वेळा गाठली आणि आठही वेळा हार पत्करली. त्यांतील सात वेळा मुंबईपुढे. संघ दुबळा नव्हता. सलीम दुराणी, हनुमंतसिंग, राजसिंग डुंगरपूर हे त्याचे आधारस्तंभ होते. पूर्वी मुंबईकडून खेळलेले विनू मंकड आणि विजय मांजरेकर हेही राजस्थानसाठी मैदानात उतरले. पाठीशी मेवाडचे महाराणा भगवतसिंग होते. संघाला आधार होता तो राजाश्रयाचा. पुढे राजेरजवाड्यांचे दिवस सरले आणि १९७३-७४ नंतर छत्तीस हंगाम राजस्थानला अंतिम सामन्याचे दर्शनही घडले नाही.

२००८ साली राजाची जागा बाजाराने घेतली. आयपीएलच्या आठ संघांत राजस्थान रॉयल्स हा सर्वांत स्वस्त, ६ कोटी ७० लाख डॉलरांचा. पहिल्याच सामन्यात दिल्लीने त्याला नऊ गडी राखून हरविले. नामांकित खेळाडूंची रांग नसल्यामुळे चालकांनी उणेपणाचेच भांडवल केले : सामान्यांचा संघ, शेन वॉर्नसारखा अनुभवी नायक, आणि ‘हल्ला बोल’ ही घोषणा, तीही इला अरुण यांच्या खास राजस्थानी आवाजात. गोव्याचा स्वप्निल असनोडकर याच संघातून नावारूपास आला. घरच्या मैदानावर संघ त्या वर्षी एकदाही हरला नाही आणि १ जून रोजी नवी मुंबईत त्याने चषक जिंकला.

परंतु घोषणेने जोडलेले नाते किती तकलादू असते, हे लवकरच कळले. २०१४ मध्ये राजस्थानची क्रिकेट संघटना निलंबित झाली आणि रॉयल्सचे घरचे सामने जयपुराबाहेर गेले. पुढे सट्टेबाजीच्या प्रकरणात संघावरच २०१६ व २०१७ या दोन हंगामांची बंदी आली. गावाचे नाव मिरविणारा संघ गावात नाही, अशी ही स्थिती! २०१८ मध्ये तो परतला. २०१९ मध्ये त्याने जयपूरचा गुलाबी रंग अंगावर घेतला. आणि एप्रिल २०२४ मध्ये स्त्रियांना समर्पित सामना खेळून प्रत्येक षटकारामागे सहा घरांत सौरदिवे लावण्याचा संकल्प केला. रंग डोळ्यांना दिसतो. दिवा रोज संध्याकाळी कामास येतो. या दोन उपायांतला फरक सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

याच काळातली दुसरी कथा जाहिरातीविना घडली. २०१०-११ च्या रणजी हंगामात राजस्थान दुय्यम गटात, म्हणजे ‘प्लेट’मध्ये होता. जयपुरात तरुण दीपक चहरने दहा धावांत आठ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. तेथून निघालेला हा संघ जानेवारी २०११ मध्ये बडोद्यात पहिल्यांदा रणजीविजेता ठरला. कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. पुढच्याही वर्षी करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली राजस्थानकडे राहिला. मंकड-मांजरेकरांना जे साधले नाही, ते आणखी एका पाहुण्याने साधले.

जाहिरात गावाला हाक मारू शकते; पण हाकेला ओ दिल्यावर दारात कोणी उभे असावे लागते. परप्रांती संसार मांडणाऱ्या आपणां मराठी मंडळींना हे वेगळे शिकविण्याची आवश्यकता नाही. गाव आपले होते ते नाव घेतल्याने नव्हे, तेथे नांदल्याने. म्हणूनच मुंबई आणि राजस्थान समोरासमोर येतात, तेव्हा सोडाल्यातला मराठी माणूस टाळी वाजविण्यापूर्वी क्षणभर थांबतो. त्या क्षणभराच्या थांबण्यातच राजस्थानच्या संघाची खरी कमाई आहे.