काजळी धरणारे तारे

कंदिलाची ज्योत नीट तेवत असली, तरी काचेवर काजळी धरली की उजेड मंदावतो. आकाशातील काही मोजक्या ताऱ्यांच्या बाबतीत असेच घडते. उत्तर मुकुट तारकासमूहातील ‘आर कोरोनी बोरिआलिस’ हा या वर्गाचा प्रमुख प्रतिनिधी होय. भूतप आणि शौरी या तारकासमूहांच्या दरम्यान असलेल्या अर्धवर्तुळाकार मुकुटाच्या आत त्याचे स्थान आहे. एरवी तो सहाव्या प्रतीचा असतो आणि साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून सहज दिसतो. मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता तो काही आठवड्यांत चौदाव्या प्रतीपर्यंत उतरू शकतो. म्हणजेच त्याचे तेज दीड हजार पटींहून अधिक घटते. पूर्वीचे तेज परत मिळण्यास कधी काही महिने, तर कधी कित्येक वर्षे लागतात. जुलै २००७ मध्ये सुरू झालेली मंदी सुमारे सात वर्षे रेंगाळली होती.

या ताऱ्याचे तेज बदलते, हे इंग्लंडमधील एडवर्ड पिगॉट यांनी १७९५ साली ओळखले. त्यामागचे कारण समजण्यास मात्र सुमारे १४० वर्षे जावी लागली. इटलीतील हौशी निरीक्षक एप्पे लोरेटा यांनी १९३० च्या दशकात, तर जॉन ओ’कीफ यांनी १९३९ साली कार्बनच्या धुळीची कल्पना मांडली. ताऱ्यातून बाहेर पडलेला कार्बनयुक्त वायू थंड होतो आणि त्यापासून काजळीसारखे कण तयार होतात. असा ढग नेमका आपल्या दृष्टिरेषेत आला, तरच तारा आपल्याला मंद दिसतो. पुढे ताऱ्याच्याच प्रकाशाच्या दाबाने ही धूळ दूर लोटली जाते, विरळ होते आणि तारा पुन्हा उजळतो. ढग केव्हा आणि कोणत्या दिशेला तयार होईल हे सांगता येत नसल्यामुळे या मंदीचे भाकीत करता येत नाही.

ताऱ्याच्या तेजाची नोंद केवळ ‘किती’ हे सांगते. ‘कशामुळे’ हे सांगतो तो वर्णपट. पूर्वी मोठ्या वेधशाळांपुरते मर्यादित असलेले हे तंत्र आता हौशी निरीक्षकांच्याही आवाक्यात आले आहे. मिलिमीटरला शंभर रेषा असलेले छोटे विवर्तन जालक कॅमेऱ्यापुढे बसवले, की ताऱ्याच्या प्रतिमेशेजारी त्याचा वर्णपट पट्टीच्या रूपाने उमटतो. प्रथम अभिजितसारख्या परिचित ताऱ्याचा वर्णपट घ्यावा लागतो. त्यातील हायड्रोजनच्या ठळक रेषा ४८६.१ आणि ६५६.३ नॅनोमीटरवर असल्याने त्यांच्या आधारे तरंगलांबीची मोजपट्टी निश्चित करता येते.

त्यानंतर याच उपकरणातून मुकुटातील ताऱ्याकडे पाहिले, की फरक लक्षात येतो. हायड्रोजन हे विश्वातील सर्वाधिक विपुल मूलद्रव्य; तरीही त्याच्या रेषा येथे जवळजवळ नसतातच. या ताऱ्यांच्या वातावरणात प्रामुख्याने हेलियम असून कार्बनचे प्रमाणही मोठे आहे. या वर्गातील तुलनेने थंड ताऱ्यांत कार्बनच्या जोडरेणूंचे ‘स्वान पट्टे’ ठळक दिसतात. त्यांपैकी एकाची कडा ५१६.५ नॅनोमीटरजवळ असते. स्वयंपाकघरातील गॅसच्या निळ्या ज्योतीच्या वर्णपटातही हेच पट्टे आढळतात, फक्त तेथे ते तेजस्वी असतात आणि ताऱ्याच्या वर्णपटात काळे.

खरी मोलाची वेळ मंदीच्या सुरुवातीची असते. धुळीने ताऱ्याचे बिंब झाकले, की त्याभोवतीच्या विरळ वायूचा एरवी दडलेला प्रकाश दिसू लागतो. खग्रास सूर्यग्रहणात बिंब झाकताच कडेच्या वायूच्या तेजस्वी रेषा क्षणभर चमकतात, तसाच हा प्रकार. यातील अनेक अरुंद रेषा दोन-तीन आठवड्यांत मावळतात, सोडियमसारख्या काही रेषा मात्र अधिक काळ टिकतात. धूळ ताऱ्यापासून किती अंतरावर तयार होते आणि वायू कोणत्या वेगाने बाहेर फेकला जातो, याचे धागेदोरे या रेषांत असतात. मोठ्या दुर्बिणींचे वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरत असल्याने त्या ऐन वेळी या ताऱ्याकडे वळवता येतीलच असे नाही. रोज रात्री त्याच्याकडे नजर टाकणारा हौशी निरीक्षक मात्र पहिल्याच दिवशी सावध होऊ शकतो.

या कामाला मर्यादाही आहेत. साध्या जालकाने हायड्रोजनचा अभाव आणि रेणूंचे पट्टे ओळखता येतात; अरुंद तेजस्वी रेषा वेगळ्या पाहण्यासाठी फट असलेला वर्णपटलेखक लागतो. शिवाय तारा चौदाव्या प्रतीपर्यंत उतरला, की लहान दुर्बिणीला त्याचा वर्णपट टिपणे अशक्यप्राय होते. त्यामुळे जे करायचे ते पहिल्या काही रात्रींतच. तारा पूर्ण तेजात असताना घेतलेले वर्णपटही जपून ठेवणे आवश्यक असते. तुलनेसाठी तेच आधार ठरतात.

दोन श्वेतबटू ताऱ्यांच्या विलीनीकरणातून असे तारे जन्मत असावेत, असा आज प्रबळ मतप्रवाह आहे. यांपैकी काही थंड ताऱ्यांत ऑक्सिजन-१८ या समस्थानिकाचे प्रमाण असाधारण असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आणि या मताला बळकटी मिळाली.

महाराष्ट्रातून एप्रिल-मे महिन्यांत रात्री हा तारा पूर्वेकडून वर येताना दिसतो आणि मध्यरात्रीनंतर डोक्याजवळून जातो. पावसाळ्यात येथील निरीक्षणात खंड पडतो, तेव्हा अन्य देशांतील निरीक्षकांच्या नोंदी ही उणीव भरून काढतात. मुकुटाच्या आतील त्या जागी नेहमीचा तारा मंद भासला, तर शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करून वेळेसह नोंद करणे आणि लगेच वर्णपट घेणे, हे निरीक्षकाचे पहिले काम होय.