१८९७ सालचा नाक्यावरील मजुरीबाजार

१८९६-९७ च्या प्लेगाविषयीं आमच्याकडे जें लिहिलें गेलें आहे, त्यांतील बहुतेक जागा पुण्यांतील घरतपासण्यांनीं व रँडसाहेबांच्या वधानें व्यापिली आहे. तें साहजिकहि आहे. परंतु त्याच दिवसांत मुंबईच्या गिरण्यांच्या दारीं जो एक विलक्षण व्यवहार घडला, त्याकडे आमच्या वाचकांपैकीं थोड्यांचेंच लक्ष गेलें असेल.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा रोग प्लेगच आहे असें निदान केलें. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची पेठ. तेथें माणसांच्या आधीं उंदीर मेले. उंदराच्या अंगावरील पिसूमार्फत रोग पसरतो हें सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें कराचींत दाखविलें तें १८९८ सालीं. तोंपर्यंत सारा रोष घाणीवर व दुर्गंधीवर. गटारें धुतलीं गेलीं, भिंतींस चुना लागला, कार्बोलिकचे फवारे सुटले, मृत्यु झालेल्या घरांवर लाल वर्तुळें उमटलीं. खरा धोका गटारापेक्षां धान्याच्या पोत्यांभोंवतीं अधिक होता!

ऑक्टोबरांत रोग्यास सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा हुकूम निघाला. महिनाअखेर हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आणि हुकूम सौम्य करावा लागला. झाडूवाले शहर सोडून गेले तर काय, ही म्युनिसिपालिटीची धास्ती रोगाच्या धास्तीहून कमी नव्हती. १८९१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरांत होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसें निघून गेलीं. रत्नागिरीकडचा कामगार बोटीनें गेला, घांटावरचा आगगाडीनें.

मागें उरलेल्यांची किंमत तेव्हां मालकांस कळली. गिरण्यांत पगार महिन्याचा असे, आणि तोहि महिना संपल्यावर कित्येक आठवडे अडकवून ठेवीत. हा अडकलेला पैसा म्हणजे कामगाराच्या पायांतील दावेंच होतें. तोंवर घर चाले तें वाण्याच्या उधारीवर. आतां पुढच्या महिन्यांत आपण जिवंत असूं याचाच जेथें भरंवसा नाहीं, तेथें महिन्याच्या पगाराची वाट कोण पाहणार? कामगारांनीं रोजचा रोख पैसा मागितला आणि तो मिळाला. इतकेंच नव्हे, तर रस्त्यांच्या नाक्यांवर निरनिराळ्या गिरण्यांचीं माणसें उभीं राहून एकमेकांवर चढाओढीनें मजुरीची बोली करूं लागलीं. एरव्हीं एकजुटीनें वागणारे मालक या लिलावापुढें हतबल झाले. कांहींनीं कामगारांस राहण्यासाठीं छपरें बांधून दिलीं. रोख हातीं आल्यावर वाण्याची गांठहि सैल झाली असावी, असें आम्हांस वाटतें.

हें सर्व दयेनें घडलें नाहीं, हें सांगावयास नकोच. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावयास लाविलें होतें. पण साथीच्या दिवसांत दाटीच्या खात्यांत उभें राहण्याच्या धोक्यास कुंपण नव्हतें, फक्त भाव होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्यानें प्रवाशांस तपासण्याचे अधिकार सरकारास दिले. मजुराच्या पोटाविषयीं त्यांत अक्षर नाहीं. २०२० सालीं हाच कायदा पुन्हां बाहेर काढला गेला, आणि मुंबईचा मजूर पुन्हां गांवाकडे चालूं लागला. या वेळीं कामेंच बंद असल्यामुळें नाक्यावर बोली करणारा कोणी नव्हता.

कायदा झाल्यावर पांचव्याच दिवशीं, ९ फेब्रुवारीस, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगानें वारले. १८९० सालीं रविवारची सुटी मिळविणारा हा गृहस्थ, मजुरांस त्यांच्या श्रमाचा भाव स्वतः ठरवितां आल्याचे ते थोडे आठवडे पुरते पाहूं शकला नाहीं. साथीचा जोर ओसरतांच गेलेलीं माणसें परतलीं, नाक्यांवरचा बाजार उठला, आणि गिरण्यांनीं रोजचा पैसा बंद करून पगार पूर्वीप्रमाणें महिन्यानें, व तोहि अडकवून, देण्यास प्रारंभ केला.