गंधकाची परतीची वाट

भुईमुगाला गंधक लागतो हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हाच गंधक पावसाळ्यागणिक थोडाथोडा नदीत जातो आणि नदी तो समुद्राला देते. लाखो वर्षे असे चालले आहे. मग जमिनीतला गंधक संपला कसा नाही? समुद्राकडून कोणीतरी तो परत आणीत असले पाहिजे.

१९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ म्हणत, हायड्रोजन सल्फाइड आणतो. सडक्या अंड्यांना वास येतो ना, तोच वायू. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञांना हे पटेना. वरच्या पाण्यातला प्राणवायू त्याला टिकू देत नाही. आणि खरोखरच तो इतका येत असता, तर किनाऱ्यावर नाक दाबूनच फिरावे लागले असते!

लीड्सचे फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९४८ साली समुद्रशेवाळातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू कशापासून निघतो ते दाखवले होते. लव्हलॉकांनी नेमका तो धागा धरला. अनुदान मागितले, ते मिळाले नाही. तरी १९७१ च्या अखेरीस, घरीच बनवलेले उपकरण घेऊन ते दक्षिणेकडे निघालेल्या ‘शॅकल्टन’ जहाजावर चढले. वाटेत पाणी तपासत गेले, आणि हा वायू त्यांना सापडत गेला. १९७२ साली ते छापून आले.

हे काम करतात कोण? डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती. खाऱ्या पाण्यात तग धरायला त्या गंधकाचा एक पदार्थ पोटात साठवतात. पेशी फुटली, की तो पाण्यात सांडतो आणि जिवाणू त्यावर तुटून पडतात. काही जिवाणू त्यातून वायू मोकळा करतात, काही गंधक स्वतःच्याच अंगी लावतात, तर काही तयार झालेला वायूच फस्त करतात. त्यामुळे दहातला एखादाच वाटा हवेत सुटतो. तरीही वर्षाकाठी दोन ते तीन कोटी टन गंधक वर जातो! समुद्राच्या त्या ओळखीच्या वासात याचाही भाग असतो. वायू मोकळा करणाऱ्या एका जिवाणूचे जनुक मात्र २००७ साली, नॉर्विचच्या शास्त्रज्ञांना, किनाऱ्यावरच्या चिखलातून मिळाले.

हवेत या वायूचे बारीक कण होतात, कणांवर वाफ धरून ढग बनतात, आणि पावसाबरोबर काही गंधक पुन्हा जमिनीवर उतरतो. याच ढगांच्या जोरावर समुद्रातले हे जीव पृथ्वीचे तापमान सांभाळतात, असे लव्हलॉक आणि तिघा सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. ते मात्र सर्वांना मान्य झालेले नाही; २०११ साली त्यावर जोराचे आक्षेप निघाले, आणि वाद अजून चालूच आहे.