गिटारचा कान

तंबोरा दुकानातून घरी आणला म्हणजे तो लगेच गाऊ लागतो, असे नाही. घोडीवर जवारी नीट लागावी लागते, तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवावा लागतो. तेव्हा कुठे तो बोलू लागतो. कारागिराचे काम संपते तिथे वाजवणाऱ्याच्या कानाचे सुरू होते. विजेवर वाजणाऱ्या गिटारचा इतिहासही असाच आहे.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नृत्यवृंदांत पितळी वाद्यांचा गजर एवढा वाढला, की बिचाऱ्या गिटारचा आवाज त्यात बुडून जाई. जॉर्ज बीचम हा स्वतः हवाई गिटार वाजवणारा. त्याला हे दुःख ठाऊक होते. १९३१ साली लॉस एंजेलिस येथे त्याने नालाच्या आकाराचे लोहचुंबक तारांभोवती बसवले आणि खाली बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले. पोलादी तार थरथरली, की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात तशीच थरथरती वीज उमटते. हाच पिकअप; गिटारचा कान म्हणा ना! १९३४ मध्ये केलेल्या अर्जावर त्याला १९३७ साली पेटंट मिळाले.

पण या कानाला एक खोड होती. तारांबरोबर तो घरातल्या विजेची गुणगुणही ऐके. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली उपाय काढला. एकाऐवजी दोन वेटोळी घ्यायची, त्यांतून वीज परस्परविरुद्ध दिशांनी न्यायची आणि चुंबकांची टोकेही उलटी ठेवायची. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचे गडी तुल्यबळ असले, की दोर जागचा हलत नाही; तशी दोन्हींकडची गुणगुण एकमेकींना मारते. तारांचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलट होऊन दुणावतो. १९५७ पासून हे पिकअप गिटारवर बसू लागले. आवाज भरदार झाला. पण गुणगुणीबरोबर स्वरांची थोडी चकाकीही गेली. काहींना तो भरदारपणाच हवा होता. काहींनी चकाकीसाठी गुणगुण सोसली.

लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५४ च्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरवर तीन पिकअप होते आणि ते निवडायला तीन घरांची कळ. वादकांनी ती कळ दोन घरांच्या मध्येच अडकवून पाहिली. दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि कंपनीने न योजलेला एक पोकळ, गोड आवाज निघाला. अखेर १९७७ साली कंपनीने पाच घरांची कळच बसवली. गिऱ्हाईक गुरू झाले!

तोवर डाखाची कांडी वादकांच्या घरी पोचली होती. १९७२ साली लॅरी डिमार्झिओने जुना पिकअप काढून बसवता येईल असा अधिक जोरकस पिकअप विकायला आणला. एडी व्हॅन हेलनने गिब्सनचा पिकअप फेंडर घाटाच्या अंगात घातला, त्याची किंचाळी थांबावी म्हणून तो मेणात बुडवला आणि बटण ठेवले एकच, आवाज कमीजास्त करण्याचे. १९७८ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने कित्येक तरुणांना गिटार उघडायला लावली.

उघडून पाहावे तर आत फारसे काही नसतेच. स्वराचे बटण पिळले, की एक चिमुकला कंडेन्सर उंच कंपनांना जमिनीची वाट दाखवतो. कंडेन्सर मोठा घातला, तर आवाज अधिक गडद होतो. बटणामागचा रोध एका वेटोळ्याच्या पिकअपला बहुधा अडीच लाख ओहमचा लावतात, दोन वेटोळ्यांच्या पिकअपला पाच लाखांचा. रोध वाढला, की चकाकी थोडी परत येते. थोड्या पैशांत वाद्याचा स्वभाव पालटतो.

आणि गंमत पाहा: १९५७ च्या सुमारास गिब्सनमध्ये वेटोळ्यांचे फेरे काटेकोर मोजले जात नसत, एक पिकअप दुसऱ्यासारखा नसे. आज त्याच असमान पिकअपांना शोधून शोधून मोठी किंमत दिली जाते. यंत्राला जो दोष वाटला असता, त्यात कानाने गुण शोधला.