शर्यतीच्या कबुतराचे पहिले वर्ष
प्रतिनिधी

बेल्जियममधील बेर्लार या गावच्या ढाबळीत वाढलेली 'न्यू किम' नावाची कबुतराची मादी नोव्हेंबर २०२० मध्ये ऑनलाइन लिलावात १६ लाख युरोंना विकली गेली. त्याआधी, मार्च २०१९ मध्ये, 'अर्मांडो' या नराला साडेबारा लाख युरो मिळाले होते. दोन्ही खरेदीदार चीनमधील. एवढी रक्कम मोजली जाते ती त्या पक्ष्याने पुन्हा शर्यतीत उतरावे म्हणून नव्हे, तर त्याच्यापासून पिल्ले घेण्यासाठी. 'न्यू किम'ने नाव कमावले ते जन्मवर्षातच, २०१८ मध्ये. शर्यतीच्या कबुतराची खरी परीक्षा अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांत होते, ती अशी.

मुंबई-पुण्याच्या छज्जांवर घुमणारा पारवा आणि हा लाखमोलाचा पक्षी मुळात एकाच जातीचे. फरक आहे तो निवडीचा. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील हौशी पालकांनी निरनिराळ्या वाणांचा संकर करून आणि केवळ लांबून परतणाऱ्या पक्ष्यांचीच वीण पुढे नेऊन आजचा वाण घडवला. अरेंडोंक येथील यान्सेन बंधूंनी विसाव्या शतकात आपल्या ढाबळीतील रक्त जवळपास बाहेर मिसळूच दिले नाही आणि त्यांच्या पक्ष्यांचा वंश जगभर पोहोचला. नात्यातल्या नात्यात जोड लावल्याने गुण पक्के होतात, तसे दोषही होतात. त्यामुळे बहुतेक पालक अशा घट्ट वंशाचा पक्षी दुसऱ्या घट्ट वंशाशी जोडतात आणि त्या संकरातील पिल्ले शर्यतीला ठेवतात. वंशावळीचे कागद कितीही देखणे असले तरी निकाल टोपलीतच लागतो, हे जुने पालक विसरत नाहीत.

युरोपात जोड लावण्याचे दिवस कडीवरून ठरतात. पिल्लाच्या पायात घालायची बंद कडी दरवर्षी जानेवारीत नव्या सालाची मिळते आणि त्या सालावरून पक्ष्याचे वय मोजले जाते. साहजिकच नोव्हेंबरच्या अखेरीस जोड लावली जाते. आठ-दहा दिवसांत मादी पहिले अंडे घालते, बहुधा संध्याकाळच्या सुमारास, आणि दुसरे सुमारे ४४ तासांनी. पहिले अंडे आल्यावर ती त्यावर नुसतीच उभी राहते. खरे उबवणे दुसऱ्या अंड्यानंतर सुरू होते, म्हणूनच दोन्ही पिल्ले जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. सकाळ उलटल्यापासून दुपार सरेपर्यंत नर बसतो, उरलेला दिवस आणि रात्र मादी. सतरा-अठरा दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस, अंडी फुटतात.

यानंतरचा आठवडा विलक्षण असतो. पिल्लू आंधळे, पिवळसर लवीचे आणि जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम वजनाचे. त्याला नर व मादी दोघेही आपल्या गळ्यातील अन्नाच्या पिशवीत तयार होणारे 'दूध' भरवतात. हे दूध म्हणजे त्या पिशवीच्या अस्तरातून सुटणाऱ्या, प्रथिने आणि स्निग्धांशाने भरलेल्या पेशी. गायीच्या दुधाशी त्याचे साम्य नाही. मात्र ते तयार करवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सस्तन प्राण्यांच्या मातांमधलेच. पहिले तीन-चार दिवस दुसरे काहीही नसते, पुढे त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. या काळात जोडीला मका, गहू यांच्याबरोबर वाटाण्यासारखे कडधान्य भरपूर, शिवाय शिंपल्यांचा चुरा आणि खडे द्यावे लागतात. पाण्याची हयगय झाली तर आधी पिल्लेच खंगतात.

सातव्या दिवसाच्या आसपास कडी चढवली जाते. पुढची तीन बोटे एकत्र धरून त्यावरून कडी सरकवायची आणि मागचे बोट अलगद बाहेर काढायचे. दोन-तीन दिवस उशीर झाला तर कडी चढत नाही, आणि बिनकडीचे पिल्लू शर्यतीत घेतले जात नाही.

पंचविसाव्या दिवसाच्या पुढे पिल्लू स्वतः दाणे टिपू लागले की त्याला आईबापांपासून वेगळे करतात. पहिले दोन दिवस त्याला पाणी कुठे आहे हेही कळत नाही. चोच हळूच पाण्यात बुडवून ते शिकवावे लागते. मग ढाबळीच्या छपरावर जाळीचा पिंजरा ठेवून त्यातून आजूबाजूचा परिसर पाहू द्यायचा. पहिल्यांदा मोकळे सोडायचे ते संध्याकाळच्या चाऱ्याआधी, भुकेल्या पोटी, वारा पडलेला असताना. शिट्टी किंवा डब्याचा खडखडाट म्हणजे दाणा, हे एकदा डोक्यात बसले की पालकाला दुसरा लगाम लागत नाही. मोठ्या कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा पुरतो. भरल्या पोटाचे पिल्लू छपरावर बसून राहते आणि ससाण्याच्या तावडीत सापडते.

ढाबळ हवेशीर असण्यामागे केवळ आरोग्याचे कारण नाही. वारा अडवलेल्या जागेत वाढवलेल्या कबुतरांना पुढे घराची दिशा सापडत नाही, असे प्रयोगांत दिसून आले. इटलीतील पिसा येथे फ्लोरियानो पापी यांनी सत्तरच्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार, पिल्लू वाऱ्यावरून येणाऱ्या गंधांशी दिशांची सांगड घालत मोठे होते. सूर्य, पृथ्वीचे चुंबकत्व, ओळखीचे रस्ते यांचाही उपयोग कबुतर करते. यातील कशाला किती महत्त्व, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

थवा तासभर दिसेनासा होऊन परतू लागला की टोपलीची सवय सुरू होते. आधी पाच किलोमीटर, मग दहा, वीस, चाळीस. घाई करणारा पालक इथेच निम्मी पिल्ले गमावून बसतो. शर्यतीत प्रत्येक ढाबळीचे अंतर वेगळे असल्याने क्रमांक मिनिटाला किती मीटर या वेगावर ठरतो. बेल्जियमच्या पिल्लांना फ्रान्समधील बूर्ज, आर्जांतोन अशा गावांतून सोडले जाते. पंखांतील मोठी पिसे ऐन हंगामात गळू नयेत म्हणून वसंतापासून जूनपर्यंत ढाबळ रोज काही तास अंधारी ठेवण्याची पद्धतही तिथे रूढ आहे. पक्ष्याच्या शरीराला फसवण्याचा हा प्रकार परिणामकारक असला तरी तो सर्वांनाच रुचतो असे नाही.

आजारांत घशातील पिवळे चट्टे, रक्ती हगवण, देवी आणि मान वाकडी करणारा पॅरामिक्सो विषाणू हे जुने शत्रू. शेवटच्या दोहोंवर लस आहे. 'पिल्लांचा आजार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, उलट्या आणि हिरवट हगवणीच्या साथीचे खापर पूर्वी ॲडिनोव्हायरसवर फुटत असे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि नंतर युरोपात झालेल्या तपासण्यांतून मात्र रोटाव्हायरसचा वाटा पुढे आला. अनेक ढाबळींची पिल्ले एकाच टोपलीत येतात, तिथेच तो पसरतो. अशा वेळी उगाच प्रतिजैविके देणे हा सर्वांत वाईट उपाय. विषाणूवर ती चालत नाहीत.

हरवणाऱ्या पिल्लांचा विषय पालक टाळतात. वादळ, ससाणे, विजेच्या तारा, चुकलेला थवा. दर हंगामात कितीतरी रिकाम्या खणांचा हिशेब कोणी छापत नाही. अनुभवी पक्षीही सुरक्षित नसतात. ब्रिटनच्या संघटनेच्या शताब्दीनिमित्त जून १९९७ मध्ये फ्रान्समधील नांत येथून साठ हजारांवर कबुतरे सोडण्यात आली. हवा चांगली असूनही त्यांतील हजारो परतली नाहीत. कॉन्कॉर्ड विमानाच्या ध्वनिलहरींनी त्यांची दिशा चुकवली असावी, असा तर्क अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ जोनाथन हॅगस्ट्रम यांनी पुढे मांडला.

भारतात हा वाण प्रसिद्ध झाला तो ओडिशा पोलिसांमुळे. १९४६ मध्ये लष्कराकडून मिळालेल्या दोनशे कबुतरांवर सुरू झालेली त्यांची निरोप सेवा १९८२ चा पूर आणि १९९९ चे महाचक्रीवादळ या काळात, तारा तुटल्या असताना, कामी आली. २००८ च्या सुमारास हे काम थांबले. समारंभांसाठी काही पक्षी कटकमध्ये ठेवण्यात आले. हौशी शर्यतींची परंपरा चेन्नई आणि बेंगळुरूत आहे. 'मारी' (२०१५) या तमिळ चित्रपटाला याच छंदाची पार्श्वभूमी होती. लखनौ-दिल्लीची कबुतरबाजी मात्र वेगळी. तिथे थवा डोक्यावरच घिरट्या घालतो.

छंद घरात आणण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबईतील कबुतरखाने जुलै २०२५ मध्ये पालिकेने बंद करण्यास घेतले, तेव्हा विष्ठा आणि पिसांच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या विकाराची बरीच चर्चा झाली. हा विकार युरोपात कबूतरपालकांच्याच नावाने ओळखला जातो. ढाबळ झाडताना मास्क लावणे, विष्ठा साचू न देणे आणि कोरडा खोकला किंवा दम लागणे सुरू झाल्यास डॉक्टरांना आपण कबुतरे पाळतो हे आवर्जून सांगणे आवश्यक आहे. दमेकरी आणि लहान मुले असलेल्या घराच्या गच्चीवर ढाबळ उभारू नये.