वेदनोपचारातील वर्णभेद
रक्तदाब उपकरणाने मोजता येतो. वेदना मात्र रुग्णाच्या सांगण्यावरूनच जाणावी लागते. डॉक्टरांच्या पूर्वग्रहाला येथेच वाव मिळतो. अमेरिकेत अटलांटातील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात हातापायाचे हाड मोडलेल्या रुग्णांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. गोऱ्या रुग्णांपैकी ७४ टक्के, तर कृष्णवर्णीयांपैकी ५७ टक्के जणांनाच वेदनाशामक मिळाले होते. वेदनेच्या तक्रारींची नोंद मात्र दोन्ही गटांत सारखीच होती.

व्हर्जिनिया विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासाने यामागील एक कारण पुढे आणले. कृष्णवर्णीयांची त्वचा अधिक जाड असते, यांसारखी किमान एक खोटी समजूत सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांना खरी वाटत होती. अशांनी कृष्णवर्णीयाची वेदना गोऱ्यापेक्षा कमी लेखली आणि त्याला योग्य उपचार सुचविण्यात त्यांची चूकही अधिक झाली.